भाकर व्हाया हैदराबाद

नागपूर ते पुणे हे अंतर अवघं सव्वा तासाचं आहे, हा शोध तेलंगणातल्या नार्नूरच्या अमृतराव बिछायतवाल्यांना नागनाथच्या मी-सेवा केंद्रात, म्हणजे सरकारी दाखले काढायच्या दुकानात, लागला. ते गेले होते दुकानाच्या परवान्याची चौकशी करायला. परवाना वरच्या कुठल्या तरी कचेरीत तेलुगूत अडकला होता आणि त्याला सोडवायला सर्व्हरची मर्जी लागत होती. तोवर वेळ जावा म्हणून नागनाथनं संगणकात दोन विमानतळांची नावं टाकली. पडद्यावर चटकन एक निळी रेघ उमटली आणि तिच्याखाली उत्तर आलं : उड्डाणाचा वेळ, सव्वा तास.

"सव्वा तास?" अमृतरावांनी चष्मा कपाळावर नेला. "आमाले उतनूरचा बाजार करून याले याच्याहून जास्त लागते."

"काका, हे इंटरनेट हाय. त्याले तुमच्याशी खोटं बोलून काय भेटनार?"

हे अमृतरावांना पटलं. त्यांचा माणसांवर विश्वास कमी. मांडव, सतरंज्या, मोठाली पातेली भाड्यानं देण्याच्या धंद्यात तो कमीच होतो. सतरंजी नेताना माणूस जेवढा गोड असतो, तेवढा परत आणताना नसतो. पण यंत्राला सोयरधायरं नसतं. अमृतरावांनी त्या सव्वा तासाकडे डोळे भरून पाहिलं आणि परवाना विसरून घराकडे निघाले. तो पडदा दोन विमानतळांमधलं अंतर सांगत होता आणि विमानतळावर कोणाचंच घर नसतं, हा बारकावा त्या घाईत त्यांच्या नजरेतून सुटला.

घाईला कारण होतं. त्यांची मुलगी दामिनी आणि भैंशाचा संतोष, दोघं बासरच्या कॉलेजात एकत्र शिकले होते. संतोष आता पुण्यात कंपनीत होता, आईला घेऊन तिकडेच राहत होता. मुलगा चांगला, घर चांगलं, दामिनीच्या मनातलं. अमृतरावांनी तर कोणत्या सतरंज्या काढायच्या तेही मनात ठरवून टाकलं होतं. गाडी अडली होती बायकोपाशी, राहीबाईंपाशी.

राहीबाईंच्या माहेरी, वांकिडीला, लेक कुठवर द्यायची याचं एक माप होतं. मायनं आपल्या चुलीवर भाकर टाकायची, फडक्यात बांधायची आणि सासरच्या घरी नेऊन सोडायची. मऊ निघाली तर सोयरीक जवळची. कडक निघाली तर नमस्कार करून परत यायचं. राहीबाईंची स्वतःची भाकर वांकिडीहून नार्नूरला मऊ पोचली होती, म्हणून तर अमृतरावांचा संसार झाला. पुण्याचं नाव निघालं तेव्हा त्यांनी आवाजही चढवला नव्हता. "पुन्याले पोचेपर्यंत माह्या भाकरीचं छपरावरचं कवलू होईन. पोरगं चांगलं हाय, पन लई दूर हाय," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या होत्या. तेव्हापासून दामिनी घरात कमी बोलत होती, आणि जे बोलत होती ते भांड्यांशी.

"सव्वा तास," अमृतराव दारातूनच म्हणाले. "भाकर थंडी बी नाई होत सव्वा तासात. आता बोल."

राहीबाईंनी मान वर केली. "कोन सांगतलं?"

"इंटरनेटनं."

"मग इंटरनेटच्या हाती पाठवा भाकर."

"नाई. आपन दोघं जाऊ. तू बांध, तूच सोड. कडक निघाली त मी पुन्याचं नाव घेनार नाई."

दामिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, विमान काऊन? आदिलाबादहून सांजच्याले बस सुटते, सकाळी पुन्यात उतरवते."

"बसनं भाकर जागरन करते," अमृतराव म्हणाले. "तू यातलं नको सांगू."

हे बोलून त्यांनी स्वतःला पुरतं अडकवून घेतलं, कारण तोपर्यंत शेजारच्या पंचफुलाबाई ओसरीवर आल्या होत्या, आणि त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट नार्नूरात झाकून राहत नसे. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. एक म्हणत होता मऊ, एक म्हणत होता कडक.

पंचफुलाबाई मऊच्या बाजूनं होत्या. "दुधात मळ पीठ," त्यांनी सांगितलं. "दोन दिस लोन्यासारखी राह्यते."

"ते दशमी होते, बाई, भाकर नाई," राहीबाई म्हणाल्या. "फसवून लेक देऊ का मी?"

दाराआड उभ्या असलेल्या अमृतरावांचा चेहरा उतरला, कारण दूध ते आधीच घेऊन आले होते. मग त्यांनी दुकानातून झाकणाचा गरम डबा आणला, नवाकोरा. राहीबाईंनी त्यात मीठ भरून ठेवलं. "माह्या मायनं फडक्यात देल्ती. फडक्यातच जाईन."

तिसरा सल्ला महिपतरावांचा. महिपतराव तहसिलातून निवृत्त झाले होते, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. दोन शेजाऱ्यांचं कोंबडीवरून वाजलं तरी ते मौक्यावर हजर राहून पंचनाम्याची भाषा करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, "रस्त्यात भाकर बदलली नाई, याची तसदीक कोन करंन?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मी कायले बदलू?" अमृतराव दुखावून म्हणाले.

"तुमी बदलान असं मी म्हनत नाई. पन तुमी दूध आनलं होतं, हे गावाले मालूम हाय." महिपतराव थांबले. "गाठोडं सीलबंद पायजे. लाखेनं. पुन्यात रूबरू फोडाचं. तोवर हा मुद्देमाल हाय."

भाकरीला मुद्देमाल हा शब्द अमृतरावांना फार आवडला. त्यात एक वजन होतं. दिवसभरात त्यांनी तो चार-सहा जणांपुढे वापरूनही पाहिला.

तिकिटं नागनाथनं काढली. सरळ पुण्याला जाणारं विमान भल्या सकाळी उडत होतं. नार्नूरहून नागपूर गाठून ते धरणं शक्य नव्हतं. "पन दुपारचं हाय एक, व्हाया हैदराबाद," नागनाथ म्हणाला.

बाहेरगावचा माणूस इथं दचकला असता. अमृतराव दचकले नाहीत. नार्नूरच्या माणसाचं रेशन हैदराबादवरून येतं, त्याच्या पोराचा निकाल हैदराबादवरून लागतो, त्याचा बिछायतीचा परवानाही हैदराबादच्याच कचेरीत पडलेला असतो. मग पुण्याला जाणारं विमान हैदराबादवरून गेलं तर त्यात अडचण कसली? "वाटेतच हाय," असं दोघांचंही मत पडलं.

ठरल्या दिवशी पहाटे राहीबाईंनी चूल पेटवली आणि रोजच्यासारख्या दोन भाकरी टाकल्या. पीठ रोजचंच, पाणी रोजचंच. पांढऱ्या फडक्यात बांधल्या, महिपतरावांनी गाठीवर लाख ओतली आणि त्यावर अंगठा दाबताना स्वतःला चटका लावून घेतला. दामिनीनं आईच्या पाया पडताना गाठोड्याकडे असं पाहिलं, की जणू तिचा सगळा निकाल त्याच्यातच बांधलेला होता. आणि होताच.

गाडी निघाली. उतनूर, इंद्रवेल्ली, आदिलाबाद. मग पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट. सव्वा तास उतनूरच्या पुढे कुठे तरी संपला. राहीबाईंनी त्याची आठवण करून दिली नाही. फक्त मधून मधून फडक्यावरून बोटानं दाबून पाहत राहिल्या, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं.

"हे धरू नको," अमृतराव म्हणाले. "हे विमानतळापर्यंतचं हाय. खरा वेळ विमान उडाल्यावर सुरू होते."

"भाकरीले मालूम हाय का ते?"

नागपूरच्या विमानतळावर पहिली अडचण दारातच आली. महिपतरावांच्या सल्ल्यानं अमृतरावांनी सगळे कागद आणले होते : शेताची पहाणी म्हणजे तिकडचा सातबारा, जातीचा दाखला, विजेचं बिल. दारातल्या वर्दीवाल्याला फक्त आधार हवं होतं, आणि तिकिटावर राहीबाई असल्या तरी आधारावर तेलुगूतून इंग्रजीत जाताना 'ह' गळून त्या राईबाई झाल्या होत्या.

"ये दोनों एक ही हैं?" त्यानं विचारलं.

"शादी के वक्त से एकइच है, साब," अमृतराव म्हणाले. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि आत सोडलं.

खरी कसोटी पुढे होती. सरकत्या पट्ट्यावरून गाठोडं यंत्रात गेलं आणि पट्टा थांबला. दुसऱ्या बाजूच्या वर्दीवाल्यानं लाखेचं सील निरखलं, नाकाशी नेलं.

"ये किसका है?"

"हमारा," अमृतराव पुढे झाले.

"क्या माल है इसमें?"

अमृतराव साधं 'भाकर' म्हणाले असते तर दोन मिनिटांत पलीकडे गेले असते. पण समोर वर्दी होती, मागे रांगेत सूटबूट होते, आणि इतक्या दिवसांत जिभेवर घोळलेला तो वजनदार शब्द बाहेर पडायला टेकला होता. ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुद्देमाल है."

आजूबाजूची रांग एक पाऊल मागे सरली.

त्यानंतर अमृतरावांना बाजूच्या खोलीत नेलं, बूट काढायला लावले, पट्टा काढायला लावला. पट्ट्याशिवाय त्यांची विजार त्यांच्या मताशी फारशी सहमत नव्हती, म्हणून साऱ्या चौकशीभर त्यांचा एक हात कंबरेवर होता आणि दुसऱ्या हातानं ते आपली अब्रू समजावून सांगत होते. मुद्देमाल कशाचा, कुठला गुन्हा, सील कोणाच्या हुकमानं? त्यांनी महिपतरावांचं नाव सांगितलं. महिपतराव कोण? रिटायर आहेत. कुठून रिटायर? इथे अमृतरावांनी महिपतरावांना फोन लावून दिला, आणि महिपतरावांनी पलीकडून पहिलाच प्रश्न विचारला, "आप किस हैसियत से बोल रहे?" प्रकरण आणखी लांबलं.

शेवटी सील फुटलं. आत दोन भाकरी होत्या. वर्दीवाले तिघे त्यांच्याकडे पाहत राहिले.

"अंकल," त्यातला मोठा दमून म्हणाला, "रोटी पर सील कौन लगाता है?"

"रोटी नहीं, साब. भाकर."

बाहेर बाकावर बसलेल्या राहीबाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ पुन्हा मारली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पट्टा घाला. मग बोला काय बोलाचं ते."

विमान मात्र वेळेवर उडालं. अमृतरावांनी घड्याळ पाहिलं. आता कुठे खरा हिशेब सुरू होत होता. राहीबाई खिडकीशी बसल्या होत्या. पहिली घाबरगुंडी ओसरल्यावर त्या खाली पाहू लागल्या, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या.

"अवो, खाली डोंगर हाय."

"असतीन."

"कुठले हाय?"

अमृतरावांनी वाकून पाहिलं. हिरवट डोंगर, मधे मोकळी पडलेली शेतं, सुताएवढा रस्ता. रस्त्याचं ते वळण त्यांना ओळखीचं वाटलं. "आपल्याच बाजूचे असतीन," ते हळूच म्हणाले.

"आपल्या म्हंजे?"

"म्हंजे… उतनूर, नार्नूर, त्या अंगाचे."

राहीबाईंनी पुन्हा एकदा खाली पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे पहाटपासून चालून चालून आपन घरावर येऊन राह्यलो."

"घरावरून चाललो. फरक हाय."

"इथं थांबत नाई का हे?"

"कायले थांबंन?"

"त्या पोरीले इचारा न." त्यांनी पाणी वाटणाऱ्या मुलीकडे बोट केलं. "पाच मिन्टं थांबवा म्हना. चूल गरम असंन अजून. ह्या ठेवते अन् ताज्या दोन टाकून आनते."

अमृतरावांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना आपलं घर, अंगण आणि अंगणातून वर पाहणारी दामिनी स्वच्छ दिसली.

हैदराबादच्या विमानतळावर उतरल्यावर कळलं, की पुण्याचं विमान उशिरा आहे. मग आणखी उशिरा आहे. अमृतराव दर थोड्या वेळानं काचेशी जाऊन उभे राहत. तिथे नेमकं काय पाहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण उभं राहिल्यानं काही तरी केल्यासारखं वाटे. दामिनीचा फोन आला.

"कुठं पोचले, बाबा?"

"हैदराबादले."

"हैदराबाद?" तिचा आवाज चढला. "तुमी पुन्याले चालले होते न?"

"वाटेतच हाय," अमृतराव म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

फोन ठेवून ते राहीबाईंशेजारी बसले. गाठोड्यावरचं बायकोचं बोट आता आधीपेक्षा जास्त वेळ थांबत होतं.

"हा वेळ धरू नको," त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "भाकर बसून हाय. प्रवास करून नाई राह्यली."

"बसल्या बसल्याच शिळी होते भाकर," राहीबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "मी काई तिचं वाईट नाई पाहून राह्यली. पोरगी आजारी पडली अन् मले निरोप आला, त मी कवा पोचू? हेच मोजाले निघाली मी."

अमृतरावांना इतक्या वर्षांत बायकोच्या भाकरीचं माप आज समजलं. त्यांना भूक लागली होती, आणि मांडीवरच्या गाठोड्यात दोन भाकरी होत्या. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

पुण्यात उतरले तेव्हा दिवे लागले होते. संतोष न्यायला आला होता. पोरानं पाया पडून बॅग उचलली, गाठोड्याकडेही हात नेला आणि राहीबाईंनी ते छातीशी धरल्याबरोबर हात मागे घेतला. त्याला सगळं ठाऊक होतं. गाडीत तो दोनदा घाम पुसत होता आणि गाडी थंड होती.

विमानतळ ते संतोषचं घर, या अंतरानं अमृतरावांच्या हिशेबाचा उरलासुरला कणा मोडला. गाड्यांच्या रांगेत ते पोटभर उभे राहिले. निळ्या रेघेवर हा भाग कुठेच नव्हता. "जवळच आलो," संतोष दर वळणावर सांगत होता, आणि राहीबाई दर वेळी "हो, बाबा," म्हणत होत्या. त्या होकारात आशा नव्हती.

दार संतोषच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी, उघडलं. बारीक, गोरेल्या, भैंशाच्या ठेवणीच्या बाई. त्यांना भाकरीच्या परीक्षेचं पोरानं काहीच सांगितलं नव्हतं. पाहुणे भेटायला येत आहेत, इतकंच. पाणी झालं, पाय धुणं झालं. मग राहीबाईंनी सतरंजीवर बसून गाठोडं समोर ठेवलं आणि गाठ सोडली.

सोडायची गरज नव्हती. फडकं उघडताना भाकरी एकमेकींवर वाजल्या.

संतोष खिडकीबाहेर पाहू लागला. अमृतरावांनी घसा साफ केला. "विमानात एसी असते, त्यानं वरून वरून…"

"अगं बाई," रुख्मिणीबाई पुढे सरकल्या. त्यांनी वरची भाकर दोन्ही हातांनी उचलली आणि नाकाशी नेली. "चुलीवरची हाय. आपल्याकडच्या जवारीची हाय नं, ताई?"

"हाय," राहीबाई म्हणाल्या. "पन कडक झाली."

"मग का झालं? शिळ्या भाकरीचं कुस्करलेलं मी कवाचं खाल्लं नाई. करू कोनासाठी? हा ड्युटीवर जाते, दिसभर मी अन् ह्या भिंती. एकटीसाठी चूल तरी काय पेटवाची." बोलता बोलता त्यांनी भाकर मोडायलाही घेतली होती. "तुमी इतक्या दुरून घेऊन आल्या, बाई. कोनी नाई आनलं मले असं."

त्या आत गेल्या. राहीबाई जागेवर बसून राहिल्या, मग उठल्या आणि त्यांच्या मागे गेल्या. बाहेर पुरुषांना फक्त आवाज ऐकू येत होते : मोहरी तडतडली, लसूण ठेचला गेला, पाण्याचा हबका बसला आणि वर झाकण पडलं.

"इतकं पानी?" राहीबाईंचा आवाज.

"वाफेवर मऊ होते, ताई. घाई नाई कराची."

"आमी ताक टाकतो."

"मग टाका की. तुमचीच भाकर हाय. दामिनी कसं करते?"

"तिले काई नाई येत. तुमाले शिकवा लागंन."

संतोषनं खिडकीकडून झर्रकन मान फिरवली. अमृतरावांनी तोंडावर काहीही दिसू दिलं नाही. बिछायतीच्या धंद्यात एवढं शिकलेलं असतं. पण आपला हिशेब साफच चुकला, हे त्यांना मानवेना. फडक्यात दुसरी भाकर तशीच पडली होती. वरून कडक असली तरी आतून थोडी तरी मऊ असेल, या आशेनं त्यांनी तिचा एक तुकडा मोठ्या कष्टानं मोडला आणि तोंडात टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. राहीबाईंनी आतून येऊन, पदराला हात पुसत तो उचलला.

"माय," दामिनीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "भाकर कशी निघाली?"

राहीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे रुख्मिणीबाई झाकण उचलून वाफेत डोकावत होत्या. मग फडक्यातल्या मोडलेल्या भाकरीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"मऊ निघाली, पोरी," त्या म्हणाल्या. "इचार तुह्या बापाले."

फोन अमृतरावांच्या कानाशी आला. दामिनी बाबा, बाबा म्हणत होती. अमृतराव मान डोलवत राहिले. त्यांना हो म्हणायचं होतं, पण तोंडातला तुकडा अजून हलायलाही तयार नव्हता.